रोबोटचे ‘डोळे’ मुलांना मोजू द्या

महोदय,

विज्ञान दिनाच्या शालेय प्रदर्शनात भिंत आली की वळणारी गाडी हमखास असते. ‘तिला डोळे आहेत’ असे मुलांना सांगून आपण मोकळे होतो. पुढे दिसणाऱ्या त्या दोन गोल डब्या खरे तर एक तोंड आणि एक कान आहेत. एकीतून माणसाला ऐकू न येणारा ४० किलोहर्ट्‌झचा आवाज सुटतो, भिंतीवर आपटून परततो आणि दुसरी तो टिपते. वटवाघूळ असेच करते. भिंत २० सेंटीमीटरवर असेल तर जाऊन यायला सुमारे ११६० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे दर सेंटीमीटरला ५८, म्हणून मायक्रोसेकंदांना ५८ने भागले की सेंटीमीटरमध्ये अंतर मिळाले. हा भागाकार सातवीच्या मुलांना नक्की जमतो. ‘२०पेक्षा कमी आले तर वळ’ हे गाडीला माणसानेच सांगितलेले असते.

आमची विनंती आहे, की प्रदर्शनाआधी एक तास निव्वळ मोजणीला द्यावा. जमिनीवर मोजपट्टी ठेवा, पुठ्ठा १०, २०, ३० सेंटीमीटरवर उभा धरा आणि संगणकावर दिसणारे आकडे मुलांना वहीत उतरवू द्या. मग पुठ्ठ्याच्या जागी उशी धरा. आवाज कापसात मुरतो, आकडे सैरभैर होतात. पुठ्ठा ४५ अंशांत तिरपा केला तर प्रतिध्वनी भलतीकडेच जातो. गाडीला रस्ता मोकळा वाटतो आणि ती सरळ जाऊन धडकते. हे एकदा पाहिलेले मूल ‘सेन्सर बिघडला’ म्हणणार नाही.

काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी वर्गात नीट धावते आणि व्हरांड्यात भरकटते. तिचा सेन्सर अवरक्त किरणांवर चालतो, आणि उन्हात तेच किरण भरपूर असतात. सेन्सर जमिनीपासून ५ ते १० मिलिमीटरवर आणा, भोवती काळ्या कागदाची झालर लावा आणि सेन्सरची संवेदनशीलता ठरवणाऱ्या निळ्या प्रीसेटचा स्क्रू प्रदर्शनाच्या जागीच फिरवून जुळवा.

सर्वाधिक वेळ वाया जातो तो ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीमुळे. मोटर सुरू होताच व्होल्टेज कोसळते, गाडी चालवणारा प्रोग्राम ज्यात असतो तो बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि मुले बिचारी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. मोटरला वेगळे सेल द्यावेत. मोटर आणि बोर्ड या दोन्हींच्या पुरवठ्याची ग्राउंडची (ऋण टोकाची) वायर मात्र एकत्र जोडावी.

परीक्षकांनीही गाडी वळली की नाही एवढेच न पाहता मोजणीची वही मागावी, आणि उशीसमोर काय झाले ते मुलांना विचारावे.

– रोबोटिक्स शिकवणारे काही शिक्षक, सांगली