थोईकोरा आणि आपला रातांबा

महोदय,

आसामच्या बक्सा जिल्ह्यातल्या 'गार्सिनिया कुसुमे' या फळझाडाची 2025 मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली. नवी ती वनस्पतिशास्त्राला! गावकरी त्याला थोईकोरा म्हणतात. फळांचं सरबत करतात, वाळवलेल्या फोडी मीठ, मिरची आणि मोहरीच्या तेलाबरोबर खातात. वाचताना आमच्या अंगणात सुपात पसरलेली, बोटं लाल करणारी आमसुलं आठवली. ही आमसुलं ज्याची होतात तो रातांबा, म्हणजे कोकमही गार्सिनिया याच वंशातला. दोन्हींत नर-मादी झाडं वेगळी. आमच्याकडे मात्र 'फळ धरत नाही' म्हणून नर झाडावर हमखास कुऱ्हाड पडते. परसातल्या अशा झाडांची माहिती जुन्याजाणत्यांकडून लिहून घ्यायचं काम कोकणातल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून का देऊ नये?

– एक वाचक, मालवण