सोमवारी बंद असतं

बोरिवली (पूर्व)
18 सप्टेंबर 2025

प्रिय शमे,

रोज सकाळी व्हॉट्सॲपवर झेंडूच्या फुलांत बसवलेला सुविचार पाठवणारी ही बाई आज एकदम पत्र कसं लिहायला बसली, असं तुला वाटेल. काल मी आमच्या नॅशनल पार्कातल्या कान्हेरीच्या लेण्यांना जाऊन आले. एकटी. रात्री तुला मेसेज लिहायला घेतला आणि चार ओळींतच अंगठा दुखायला लागला. मग म्हटलं, कागदच काढावा.

आधी फजिती सांगते, म्हणजे हसून मोकळी हो. खरं तर मी सोमवारीच निघाले होते. पितृपक्ष सुरू, गणपतीची आवराआवर संपलेली, आमचे हे दिवसभर बाहेर. पहाटे उठून थालीपिठं लावली, पाण्याची बाटली भरली, टोपी घातली आणि दहा मिनिटांत हायवे ओलांडून उद्यानाच्या दाराशी हजर. दार बंद. पहारेकरी माझ्या टोपीकडे बघत म्हणाला, "ताई, सोमवारी बंद असतं." बत्तीस वर्षं मी इथे राहते गं! स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या जंगलाची टेकाडं दिसतात. पाहुण्यांना मी ऐटीत दाखवते, "हे आमचं नॅशनल पार्क." आणि ते सोमवारी बंद असतं हे मला माहीत नाही. घरी येऊन टोपी न काढता डायनिंग टेबलावर थालीपिठं खाल्ली.

मंगळवारी सोसायटीची मीटिंग होती. विषय नेहमीचाच, पाण्याची टाकी. (हो, मी अजून सेक्रेटरी आहे. दुसरं कोणी उभं राहत नाही.) तीन वर्षांपूर्वी वॉटरप्रूफिंग करून घेतलं. करणाऱ्याने दहा वर्षांची गॅरंटी लेखी दिली आणि तिसऱ्या पावसात तळमजल्याच्या जिन्यात ओल दिसायला लागली. आता त्याचा फोन लागत नाही. दोन तास भांडून ठरलं काय, तर तीन नवी कोटेशनं मागवायची. तेव्हाच मनाशी पक्कं केलं, उद्या काही झालं तरी जायचं. ही टाकी मुद्दाम सांगते आहे, पुढे तिचं काम आहे.

बुधवारी पाऊस येऊन-जाऊन होता. आत शिरल्यावर पहिला किलोमीटर आपला जुना ओळखीचा, फिरायला आलेले आजोबा, त्यांची हास्यमंडळं, भेळ खाणारी मुलं. पुढे रस्ता वळला की आवाज एकदम मागे पडतो. वर जाताना मी आतली बस घेतली, येताना उतरणीने चालत आले. गुडघ्यांशी माझा तसा करारच झालाय. सहा-सात किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवं इतकं दाट की बसमध्ये दिवा लावावा वाटलं. शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल आहे हे, आणि त्यात बिबटे. त्याच्या भोवती दोन कोटींचं शहर. आम्ही मात्र सुट्टी आली की तीन तास घाटात अडकून लोणावळ्याला धबधबा बघायला जातो आणि तिथे भुट्टा खाऊन परत येतो.

रस्त्याच्या कडेला एक कोळीण दिसली. दोन झाडांच्या मधे, चांगलं साडीच्या पदराएवढं जाळं, त्याचा धागा उन्हात पिवळा दिसणारा. मधोमध ती, काळी-पिवळी, पाय पसरून माझ्या पंजाएवढी. आणि वरच्या कोपऱ्यात एक तांदळाएवढा किडा. शेजारी फोटो काढणारा कॉलेजातला मुलगा म्हणाला, "आंटी, तो तिचा नवरा." मी म्हटलं, बरोबर आहे, तोही कोपऱ्यात मोबाइल बघत बसला असेल.

कारवी मात्र यंदा उदास दिसते. तुला आठवतं, गेल्या वर्षी मी तुला सारखे फोटो पाठवत होते, निळी-जांभळी फुलं, वर मधमाश्यांचा घोंगाट? आठ वर्षांनी फुलते, 2016 नंतर थेट 2024. फुलली की झाड मरतं. आता नुसत्या वाळलेल्या काटक्या उभ्या आहेत, आणि त्यांच्या पायाशी वीतभर उंचीची नवी रोपं. या काटक्यांच्याच कुडाच्या भिंती करतात पाड्यांवर, वरून शेणाने लिंपतात. तू तेव्हा "नक्की येते, तिकीट काढते" म्हणाली होतीस. आता 2032. बघ बाई, त्रेसष्ट वर्षांच्या असू आपण.

आता कान्हेरी.

आपण 1988 मध्ये आलो होतो, एस. वाय.ला, भूगोलाच्या सहलीला. मला त्या दिवसाचं लेणं म्हणून एकही आठवत नव्हतं. आठवत होती ती तुझी चप्पल. खालच्या नाल्यात तू शेवाळावरून सटकलीस आणि डाव्या पायातली कोल्हापुरी वाहत गेली. मग दारापर्यंतचा सगळा रस्ता दोघींत तीन चपला. थोडं चाललं की माझी डावी तुला, परत थोडं चाललं की मला. तुझा पाय मोठा, त्यामुळे माझी चप्पल कायमची ढिली झाली आणि घरी आईने "ही कोणाची घालून आलीस?" म्हणून विचारलं. सरांनी त्या दिवशी नेमकं काय समजावलं, ते आपल्या दोघींना ठाऊक नाही हे नक्की.

ते काल थोडंफार कळलं. डोंगराच्या अंगावर शंभराच्या वर लेणी आहेत गं. इसवी सनाच्या आधीपासून सुरुवात, मग हजारएक वर्षं लोक राहत आणि कोरत होते. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, तर भव्यच आहे, व्हरांड्याच्या दोन टोकांना उभे बुद्ध, मान वर करून पाहावे लागतात. सगळे तिथेच फोटो काढतात आणि परत फिरतात. मीही काढला, धूसर आलाय. पण खरी गंमत वरच्या छोट्या लेण्यांत आहे. एक पडवी, आत एक खोली, खोलीत झोपायला दगडाचा ओटा आणि बाहेर, दाराच्या बाजूला, पाण्याचं टाकं. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं. त्याला पोढी म्हणतात. हा शब्द तिथल्या शिलालेखांतच आहे. 'लेण' शब्दही आहे. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी लेणं दिलं, पोढी दिली, असं कोरून ठेवलंय. म्हणजे आपण 'लेणी बघायला जाऊ' म्हणतो ते दोन हजार वर्षं तसंच म्हणतोय.

सर येऊन गेली होती. थांबून दहा मिनिटं झाली असतील. एका लेण्याच्या कपाळावर, वरच्या कातळात, मला बोटभर रुंद खाच दिसली. कोरलेली. डोंगरावरून ओघळणारं पाणी त्या खाचेत उतरतं, तिरकं चालतं, कोपऱ्याशी वळण घेतं आणि पोढीच्या तोंडाशी येऊन आत पडतं. अखंड बारीक धार, आवाज मांजर दूध पिताना होतो तेवढा. मी करंगळी आडवी धरली, तर धार दोन्ही बाजूंनी फुटली. काढली, पुन्हा एक. टाक्यात वाकून पाहिलं, पाणी काळं, स्वच्छ, गळ्यापर्यंत भरलेलं. थेंब कुठे बाहेर जात नव्हता.

शमे, खरं सांगते, मला रडू आलं आणि हसूही. टाकी गळत नाही! दोन हजार वर्षांत ना कोटेशन ना मीटिंग. मग शहाण्यासारखा विचार केला की ती गळणार कशी, अखंड कातळच आहे, तिला सांधाच नाही. पण नुसतं तेवढंही नाही. कोणीतरी कित्येक पावसाळे तिथे उभं राहून बघितलं असेल, पाणी कुठून येतं, कुठे वाया जातं, मगच छिन्नी लावली असेल. आमच्या वॉटरप्रूफिंगवाल्याने टाकी पाहिली ती ऊन असताना, वीस मिनिटं.

आणि हेच डोंगर पुढे इंग्रजांनीही पाणी साठवायला निवडले. विहार तलाव 1860चा, तुळशी 1879चा, दोन्ही याच जंगलात. दहिसर नदीही इथलीच. आत ती दगडांवरून खळखळते, आणि घरांपर्यंत पोचली की आपण तिला नाला म्हणतो. त्यावर मी काही बोलत नाही, सेक्रेटरी म्हणून माझंही तोंड बंद आहे.

मग मी एका लेण्यात शिरले आणि ओट्यावर बसले. गार दगड. पावसाळ्यात भिक्खू फिरायचे नाहीत, तीन महिने एका जागी राहायचे, वर्षावास. आपल्या आज्यांचा चातुर्मास आठवला. माझी आजी त्या चार महिन्यांत कांदा-लसूण सोडायची आणि दुपारी पोथी घेऊन खिडकीत बसायची. आम्हाला वाटायचं, काय हा कंटाळा. कॉलेजात आपण किल्ले मोजायचो बघ, वर्षाला किती झाले त्याचा हिशेब डायरीच्या मागच्या पानावर. रतनगडाला अंधारात चढून अंधारात उतरलो, कशासाठी, तर आकडा वाढावा म्हणून. काल मी त्या दगडावर आडवी झाले आणि चक्क झोपले. तासभर तरी. घरी दोन वाजता गोळी घेऊन डोळा लागत नाही, आणि इथे पिशवी उशाला घेऊन घोरले असेन. बाहेर पाऊस पुन्हा आला आणि गेला, मला पत्ता नाही.

जाग आली ती उशी हलल्यामुळे. डोळे उघडले तर एक माकड, अगदी सभ्यपणे, माझ्या डोक्याखालून पिशवी ओढत होतं. मी ओरडले, ते पिशवी घेऊन पडवीत जाऊन बसलं. चेन उघडता येते त्याला! तू शिकवलेले मेथीचे ठेपले केले होते, फॉइलमध्ये. फॉइल सोललं, वास घेतला, एकेक करून चारही खाल्ले. छुंद्याची डबी नखाने टोकरली, चाटून पाहिली आणि माझ्याकडे असं बघितलं की आंबा जरा कमीच पडलाय. चूक माझीच. जागोजागी पाट्या आहेत, खाणं उघड्यावर नेऊ नका, खायला घालू नका. पण तुझ्या बडोद्याच्या ठेपल्यांना इथे चांगलं गिऱ्हाईक आहे, एवढं कळवते.

उपाशीपोटी वरपर्यंत चढले. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पारशांनी पहलवीत, त्यांच्या जुन्या भाषेत, कोरलेले लेख आहेत, इसवी सन 1009 आणि 1021चे. आम्ही इथे आलो होतो म्हणून नावं लिहून ठेवलीत. म्हणजे बदामात बाण काढून नावं लिहिणाऱ्यांचे हे पूर्वज म्हणायचे, फक्त यांचं पुरातत्त्व खातं जपतं. त्याहून वर सपाटीवर तेरडा फुललाय, गुलाबी, पाय ठेवायला जागा नाही. तिथून समोर नुसतं जंगल, आणि जंगलाच्या कडेला, दात यावेत तसे, आमचे टॉवर. आमची बिल्डिंग शोधली, नाही सापडली.

आता तुझं. पावागडाला रोपवेने जाऊन "ट्रेक केला" म्हणणं बंद कर आणि इकडे ये. नवरात्रात तू बडोदा सोडणार नाहीस, गरब्याचे पास आधीच काढले असशील. दसरा झाला की निघ. परतीचा पाऊस असेपर्यंतच त्या खाचांतून पाणी येतं, मग कोरड्या पडतात. गाडी बोरिवलीला थांबते, दादरपर्यंत जाऊ नकोस. रविवार नको, अख्खी मुंबई असते. सोमवार का नको ते तू आता जाणतेसच. शिलोंडाची वाटही करायची आहे मला, ओढ्याकाठाने जाते, पण ती वाटाड्याबरोबरच करता येते, तिथल्या निसर्ग माहिती केंद्रात आधी नाव द्यावं लागतं. तारीख कळव, मी दोघींची नावं देते. आणि एखादा दिवस उरला तर माहीमचं निसर्ग उद्यान, कचऱ्याचा डोंगर होता तिथे झाडी उभी केली आहे. तेही मी पन्नास वेळा बाहेरून पाहिलंय आणि आत एकदाही गेले नाही. वार बघूनच जाऊ.

ठेपल्यांचं पीठ तू आण, छुंदाही. माझा आंबट होत नाही. आणि पायात बूट घालून ये. माझी चप्पल मी या वेळी देणार नाही.

तुझी,
नीला

ता. क. आजच एक कोटेशन आलंय. पंधरा वर्षांची गॅरंटी देतोय म्हणे.