देव गेला त्या वाटेनं

डिचोली, गोवा
५ नोव्हेंबर

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

सायकलसाठी तू आखलेली वाट बघितली. म्हापशाहून निघून जुन्या गोव्याला संपवायचा बेत केलायस, तो उलटा फिरव. करमळी स्टेशनवर उतर, जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडी बेट, तिथून दुसऱ्या फेरीनं नार्वे, मग मये, डिचोली, मुळगाव, शिरगाव, अस्नोडा आणि म्हापसा. परतीची गाडी थिवीला. सगळं मिळून ४५-५० कि.मी. होईल. फेऱ्या, देवळं आणि चहा धरून पाच-सहा तास ठेव.

उलटं करण्याचं पहिलं कारण वारा. दिवाडीत धक्क्यापासून वस्तीपर्यंतचा रस्ता खाजनातून, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतून जातो. दोन्ही बाजूंना पाणी आणि शेत, आडोसा कसलाच नाही. सकाळी वारा पडलेला असतो, पण अकरा वाजले की समुद्राकडून सुटतो. तू दुपारी तिथं पोचलास तर तो थेट छातीवर. सकाळी दिवाडी उरकलीस तर उरलेल्या वाटेवर झाडं, घरं, डोंगर असतात, वारा अंगावर येत नाही.

दुसरं कारण म्हणजे या वाटेवरचे देव याच दिशेनं गेले. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा. सात ऋषींनी सात कोटी वर्षं तप केलं, सात धातूंचं लिंग केलं, ही त्याची कथा. कदंब राजांचा हा कुलदेव, त्यांच्या नाण्यांवर 'श्रीसप्तकोटीश्वर लब्ध वरप्रसाद' असं कोरलेलं असे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं. लिंग म्हणे विहिरीच्या काठावर दगड म्हणून बसवलं होतं, ते भाविकांनी रात्रीतून उचलून नदीपार नेलं. तेव्हा नदीच्या अलीकडे पोर्तुगीज अंमल होता, पलीकडे नव्हता. देवाबरोबर दिवाडीतल्या त्याच्या नार्वे गावाचं नावही पार झालं, त्यामुळं आज फेरी नार्व्याहून सुटते आणि नार्व्यालाच लागते. पाटी वाचून गोंधळू नकोस.

फेरीत चढताना सायकलवरून उतर. उतरता धक्का ओहोटीला उघडा पडतो आणि खालच्या भागावर शेवाळ असतं. ब्रेक लागतो, चाक थांबतं, पण टायर तसाच घसरत जातो. सायकल डोंगराच्या बाजूला नाही, नदीच्या बाजूला धर, म्हणजे घसरलीच तर तुझ्या पायावर येणार नाही. बोटीत दुचाकी आणि गाड्या आधी चढू देत, मग कठड्याला टेकून उभा राहा.

दिवाडीत पिएदादची चढण छोटी पण खडी आहे. गिअर पायथ्यालाच उतरव. चढावर जोर लावून बदललास तर चेन स्पोकांत जाते. वर चर्चच्या अंगणातून नदी दिसते. सकाळी सातच्या आत असलास तर पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, भेटेल. मागे पाव भरलेली मोठी टोपली, वर प्लॅस्टिकचं कापड, हँडलला रबरी भोंगा. एवढं ओझं घेऊन तो जी रेषा पकडतो ती बघून ठेव: खड्ड्याच्या कडेनं, कधीही मधून नाही. सायकल चालवणं शिकायचं तर याच्याकडून.

पलीकडे नार्व्यात उतरलास की देऊळ गर्द झाडीत आहे. शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धाराला आज्ञा दिली ती १३ नोव्हेंबर १६६८ ला. तो शिलालेख दारावर आहे, वाचून घे. आत धारालिंग, म्हणजे अंगाला कंगोरे असलेलं लिंग. २०२३ मध्ये डागडुजी होऊन देऊळ पुन्हा खुलं झालं. क्लीटचे, म्हणजे तळाला पेडलात अडकणारी खिट्टी असलेले, बूट असतील तर चपला सोबत ठेव, दगडी पायऱ्यांवर क्लीट बर्फासारखा सरकतो. गोकुळाष्टमीला इथं नदीवर पंचगंगेचं स्नान असतं, त्या दिवशी सायकल नको.

नार्वे सोडलं की सात बहिणी आणि एका भावाची कथा सुरू होते. भाऊ खेतोबा वायंगिणीला, मयेच्या वाटेवरच. भावंडं घाटावरून इकडे आली. लइराईनं खेतोबाला विस्तव आणायला पाठवलं, तो पोरांबरोबर खेळत बसला. उशीर झाला म्हणून तिनं लाथ मारली. खेतोबाची मूर्ती कमरेत वाकलेली दाखवतात, ती त्या लाथेनं, असं गावचं सांगणं. पश्चात्ताप म्हणून लइराई निखाऱ्यांवरून चालली. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, आजही होमकुंडातून जातात ते त्यासाठी. पुढं बहिणी पांगल्या: महामाया मये, केळबाय मुळगाव, लइराई शिरगाव, मोरजाय मोरजी, मिराबाय म्हापसा. राहिलेल्या दोघींबद्दल प्रत्येक गाव वेगळं सांगतं. बघ, तू मयेहून म्हापशाला जाशील तसतसा एकेक बहिणीच्या घरावरून जाशील. शिरगावात मूर्ती शोधू नकोस, लइराई कलशाच्या रूपात आहे.

आता खाणींची लाल माती. मये, मुळगाव, शिरगाव हा लोहखनिजाचा पट्टा. ट्रक चालू असतील तर रस्त्यावर बारीक लाल भुकटी असते, आणि पावसाचा एखादा शिडकावा झाला की तिचा लेप होतो. ही भुकटी कठीण, घासकागदासारखी. जाड ओल्या तेलावर चिकटली की चेनमध्ये लापशी होते आणि दात खाऊन टाकते. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री पातळ, सुकं तेल घाल: प्रत्येक कडीला एक थेंब, पाच मिनिटं पेडल उलटं फिरव, मग फडक्यानं बाहेरचं सगळं पुसून घे. बाहेर तेल राहिलं तर त्याचा उपयोग धूळ धरण्यापुरताच. येण्याआधी चेन मोज. पट्टी एका पिनच्या मध्यावर धर, तिथून पुढची चोविसावी पिन (बारा जोडकड्यांनंतरची) बरोबर १२ इंचांवर यायला हवी. १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन बदल, नाहीतर मागचे दातेही बदलावे लागतील. रिमब्रेक असेल तर डिचोलीत चहा पिताना ब्रेकच्या रबरात रुतलेले कण टाचणीनं काढ. ते तसेच राहिले की रिमवर खाचा पडतात आणि मग करकर ऐकत बसावं लागतं.

टायर ३२ ते ३५ मि.मी.चे असू देत. तुझं वजन सत्तरच्या आसपास धरून मागे ५५, पुढे ५० पी.एस.आय. हवा पुरे. जास्त भरलीस तर हातांना मुंग्या येतील, कमी ठेवलीस तर न रंगवलेल्या गतिरोधकावर ट्यूब रिमखाली चिमटेल आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतील. दोन ट्यूब जवळ ठेव. पॅच लावायचाच झाला तर सोल्युशन पुसटसं सुकेपर्यंत, म्हणजे ओलसर चकाकी जाईपर्यंत, पाच मिनिटं थांब. ओल्यावर चिकटवलेला पॅच पुढच्याच गावात सुटतो. तुझा वॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर विसरू नकोस. गावच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटारीच्या वॉल्व्हचं असतं.

एक रीतीची गोष्ट. बांधावर, मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) किंवा हद्दीवर एखादा शेंदूर लावलेला दगड, त्यापुढं चामड्याच्या वहाणा दिसल्या तर तो राखणदार, देवचार. तो रात्री काठी आपटत हद्द फिरतो, चालून चालून वहाणा झिजतात म्हणून लोक नव्या ठेवतात. तिथं सायकल टेकवू नये. खुरसाला (क्रुसाला) आणि तुळशीलाही नाही. टेकवायला दुसरं काही नसेल तर सायकल सरळ जमिनीवर आडवी कर, गिअरची बाजू वर.

म्हापशात चर्चमधली मिलाग्रिस सायबीण (चमत्कारांची माता) म्हणजेच मिराबाय, असं जुनी माणसं मानतात. चर्च १५९४ चं, सां जेरोमचं. लइराईकडून तेल आणि इथून मोगऱ्याची फुलं अशी देवाणघेवाण सांगतात. शुक्रवारी मात्र येऊ नकोस, त्या दिवशीच्या बाजारात सायकल ढकलणंही कठीण.

थिवीला गाडी एक-दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात ब्रेकव्हॅनपर्यंत, म्हणजे सामानाच्या डब्यापर्यंत, धावत सायकल चढवणं जमत नाही. पुढचं चाक काढून, हँडल फिरवून, पेडल उतरवून पिशवीत भर. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, तिथं पाना उगाच जोरानं मारू नकोस. डिस्क ब्रेक असतील तर दोन पॅडांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाल, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात.

तुझी गाडी करमळीला थांबते का ते आधी बघ, आणि टायरचा आकार कळव.

तुझा,
दत्ता