गिरणीत राहते, पण काळजी नसावी

लोवेल, मॅसॅच्युसेट्स
एप्रिल, पहिला रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे, नोकरी व्यवस्थित चालू आहे आणि बर्फ वितळले आहे, तेव्हा या तिन्हींची चौकशी आता पुरे. हे पत्र मुद्दाम हाताने लिहीत आहे, कारण फोनवर आई रडते, बाबा फोन तिच्या हाती देऊन बाहेर जातात आणि सांगायचे ते राहून जाते.

मामांच्या ओळखीच्या कुटुंबाने लोवेलविषयी तुम्हांला काय सांगितले, ते मला समजले. ती मंडळी चेम्सफर्डला राहतात. चेम्सफर्ड हे लोवेलला लागूनच असलेले, मोठमोठी अंगणे आणि दोन-दोन गाड्यांची गॅरेजे असलेले उपनगर आहे. तिथून पाहिले की लोवेल म्हणजे जुन्या गिरण्यांचे, गरिबांचे आणि बाहेरून आलेल्यांचे शहर, असे त्यांना वाटते. बाहेरून आलेल्यांविषयी म्हणाल तर मीही त्यांतलीच, आणि ते स्वतःही. 1980 च्या दशकात कंबोडियातून जीव वाचवून निघालेली हजारो कुटुंबे इथे येऊन स्थिरावली. त्यांच्या दुकानात मला गवती चहा, हिरवी मिरची आणि कच्ची पपई मिळते. चेम्सफर्डकर काकू त्याच मिरच्यांसाठी इथवर येतात, हे त्यांनी तुम्हांला सांगितले नसावे.

आता गिरणीविषयी. आई, ‘बंद गिरणीत पोर राहते’ असे तू शेजारी सांगत जाऊ नकोस. मी राहते ती इमारत पूर्वी कापडाची गिरणी होती हे खरे, परंतु आता तिथे फ्लॅट आहेत, लिफ्ट आहे, आग विझवणारी पाण्याची व्यवस्था छतातच आहे आणि मुख्य दार किल्लीवाचून उघडत नाही. भिंती लाल विटांच्या व हातभर जाड आहेत. खिडक्या माणसापेक्षा उंच आहेत, कारण विजेचे दिवे नव्हते तेव्हा मागांवर उजेड पडण्यासाठी त्या तशाच ठेवाव्या लागत. जमीन लाकडी आहे आणि तिच्यावर जुन्या तेलाचे डाग आहेत. घरमालक त्या डागांकडे बोट दाखवून अभिमानाने भाडे सांगतात. ते भाडे किती, हे मी लिहीत नाही. आईने त्याचे रुपये केले तर तिला झोप येणार नाही.

बाबा, तुम्ही गिरणीच्या ज्या मागखात्यात जन्म घालवला, तशा खात्यात मी पैसे मोजून झोपते, हे मला पहिल्यांदा कुणाला सांगायलाही अवघड वाटले होते. आपल्याकडे गिरणी बंद पडली की आधी यंत्रे भंगारात जातात, मग पत्रे, मग जमीन, आणि कामगार देण्यांसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहतात. इथेही सारे आपोआप वाचले असे समजू नका. 1920 च्या दशकापासून गिरण्या एकेक करून दक्षिणेकडे गेल्या किंवा बंद पडल्या, काही पाडल्याही गेल्या, आणि शहराने कित्येक वर्षे बेकारी सोसली. पुढे 1978 साली सरकारने गिरण्या व कालवे मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केले, तेव्हा उरलेल्या विटांना किंमत आली.

हे गाव वसले ते पाण्यामुळे. मेरिमॅक नदी इथल्या पॉटकेट धबधब्यापाशी 32 फूट खाली उतरते. बॉस्टनच्या भांडवलदारांनी 1820 च्या दशकात ते पाणी कालव्यांतून फिरवून त्यावर गिरण्या चालवल्या. ज्यांच्या नावाने गाव आहे ते फ्रान्सिस कॅबट लोवेल 1817 सालीच वारले होते; त्यांनी इंग्लंडात यंत्रमाग पाहिले आणि परत येऊन तसे माग अमेरिकेत घडवून घेतले. आणि कामाला कोण आले, तर आसपासच्या शेतकऱ्यांच्या अविवाहित मुली. कंपनीच्या वसतिगृहात राहायचे, पहाटे घंटेवर उठायचे, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचे. अशा शिस्तीत त्या मुली दिवसाला बारा-तेरा तास उभ्या राहत आणि कित्येकजणी पगारातून घरी पैसे पाठवत. पगार कापला तेव्हा 1834 मध्ये त्यांनी काम बंद ठेवले, 1836 मध्ये पुन्हा ठेवले, आणि पुढच्या दशकात सारा बॅगली नावाच्या कामगार बाईने दहा तासांच्या दिवसासाठी चळवळ उभी केली. आई म्हणेल, परक्या गावी एकटी मुलगी कशी राहणार; तर आई, या गावाची सुरुवातच तशा मुलींनी झाली आहे.

त्यांच्या मागांवर येणारा कापूस मात्र दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे, हेही इथल्या संग्रहालयात स्पष्ट लिहिले आहे. 1861 मध्ये गुलामगिरीवरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इथले बरेच माग थांबले आणि मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. सोलापूरला आगगाडी पोहोचून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते आणि आपली जुनी गिरणी सुरू व्हायला अजून दीड दशक होते.

बूट कॉटन मिल्स नावाच्या संग्रहालयात एक मागखाते अजून चालते ठेवले आहे. त्यातले सगळे माग एकाच वेळी चालू नसतात, थोडेच असतात, तरी जमीन हादरते. आत जाण्यापूर्वी पाहुण्यांना कानात घालायला बोळे देतात. पाहुणे पाच-दहा मिनिटांसाठी आत जातात, बाबा, आणि त्यांच्यासाठीही बोळे असतात. तुम्हांला डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून लहानपणी मी चिडून ओरडत असे. तिथे उभी असताना ते आठवले आणि मी बोळे काढून ठेवले. फार वेळ टिकले नाही. तुम्ही आलात की तुम्हांला तिथे नेईन आणि तिथल्या माणसाला धोटा कसा अडकतो ते तुमच्याकडून शिकायला सांगेन.

उपनगरांतला एक प्रकार मात्र मला अजून पुरता उमगलेला नाही. जवळच्या वेस्टफर्ड गावाची वार्षिक सभा असते. आपली ग्रामसभा समजा. गावचा कोणताही नोंदणीकृत मतदार तिथे जाऊन बसतो, शाळेच्या सभागृहात, आणि नगरसेवकांनी नव्हे तर या बसलेल्या लोकांनीच गावाचा अर्थसंकल्प मंजूर करायचा असतो. शाळेच्या छपरापासून बर्फ काढणाऱ्या गाडीपर्यंत खर्चाची कलमे, त्यांवर चर्चा, मग मतदान. माझ्यासारख्या परक्यांना बाजूच्या रांगेत बसवतात. माझ्या पुढे एक आजीबाई स्वेटर विणत होत्या. मधेच सुया खाली ठेवून त्यांनी आकडेमोडीवर असा प्रश्न विचारला की खजिनदार कागद चाळू लागले. कुणी कुणाला थेट बोलत नाही, सगळे अध्यक्षांना उद्देशून बोलतात. भांडणसुद्धा अध्यक्षांमार्फत करतात. एवढा खल कशासाठी, तर शाळांचा खर्च मुख्यतः घरपट्टीतून निघतो आणि 1980 साली या राज्याच्या मतदारांनीच असा कायदा करून घेतला की नवी बांधकामे सोडता घरपट्टीची एकूण आकारणी वर्षाला अडीच टक्क्यांहून अधिक वाढवायची नाही, वाढवायची असल्यास वेगळे मतदान घ्यायचे. म्हणजे शाळा चांगली हवी तर पट्टी वाढवा, पट्टी वाढली की म्हातारी माणसे घाबरतात, आणि शाळा चांगली म्हणून घरे महाग. आपली बहुतेक मंडळी तिथेच घर का घेतात आणि मलाही घे म्हणून का सांगतात, ते मला त्या सभेत कळले. तूर्त मी घेणार नाही. मला नदी आणि पायी जाता येणारे स्टेशन सोडवत नाही.

त्या सभेला मला कोण घेऊन गेले, हे वर लिहायचे टाळले. चेम्सफर्डच्या काकूंनी सुचवलेले स्थळ ते हेच. घर वेस्टफर्डला आहे, इथले नागरिकत्व घेतलेले आहे, आणि त्यांचे पहिले लग्न मोडलेले आहे. ही शेवटची गोष्ट मामांनी तुम्हांला सांगितली नसेल, तर माझ्याकडून कळू द्या. त्यांनी मला ती पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितली. मी होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. आईने लगेच पत्रिका मागवू नये.

धाकटीचे लग्न मात्र माझ्यासाठी अडवून ठेवू नका. थोरली बिनलग्नाची असताना धाकटीचे उरकले, असे लोक म्हणतील, म्हणू देत. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली तर मला रजा मिळेल. पंधरा दिवसांपेक्षा अधिक मिळणार नाही, हे आताच सांगते, म्हणजे त्या वेळी आईने तोंड फिरवून बसू नये. कार्यालयाची अनामत रक्कम कालच पाठवली आहे.

त्याच खात्यात थोडे पैसे अधिक आले आहेत. ते लग्नाचे नाहीत, घराच्या स्लॅबचेही नाहीत. ते बाबांच्या श्रवणयंत्राचे आहेत, आणि बाबा ‘या वयात कशाला’ म्हणतील म्हणून मी ते आईच्या नावावर पाठवले आहेत. डॉक्टरांची वेळ ठरली की मला कळवावे.

तुमची,
ताई