लालबागच्या काकींना, वहीतल्या दोन पानांबद्दल

ती. काकींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला आता नीट दिसत नाही, तेव्हा हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. तरी ते चारचौघांसमोर लिहितोय, कारण तुमच्यासारख्या खाणावळवाल्या बायकांचं देणं लागणारी घरं पुष्कळ आहेत आणि त्याबद्दल बोलणारी फार थोडी.

माझे वडील, आप्पा, पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि कापडगिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार म्हणून लागले; कायमचा माणूस आला नाही की त्याच्या जागी काम. राहायला गावकीचा गाळा. भिंतीला लावून ट्रंका, खुंट्यांना पिशव्या, आणि पाळीप्रमाणे झोपणारी वीस-पंचवीस माणसं. एकाने वळकटी गुंडाळली की त्याच जागेवर दुसऱ्याने पसरायची. एवढ्या मोठ्या मुंबईत आप्पांच्या हक्काची जागा एकच होती, तुमच्या पंगतीतली, दाराजवळची.

प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खाणावळ चालवणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. सावकाराच्या तावडीतून सुटलेल्या त्या बायकांपैकी तुम्ही एक. मग आला १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे पगार थांबले. तुमच्याही डोक्यावर कर्जाचा हप्ता होता, वाण्याची उधारी होती. पण तुम्ही एकाचंही ताट बंद केलं नाहीत. आप्पा सांगायचे, “त्या दिवसांत काकी भाकरी वाढताना तोंडाकडे बघायच्या नाहीत. नुसत्या ताटाकडे बघायच्या. म्हणून मान खाली घालायची वेळ आली नाही.” हे सांगताना दर वेळी त्यांचा आवाज जड व्हायचा.

जूनमध्ये ते पेरणीला गावी आले, ते पुन्हा मुंबईला गेलेच नाहीत. गिरणीबद्दल फारसं बोलत नसत. बोलायचे ते पाच महिन्यांच्या थकलेल्या जेवणाबद्दल.

१९९६ मध्ये मी नोकरीसाठी मुंबईला निघालो तेव्हा त्यांनी त्या जेवणाच्या पैशांचं एक पाकीट माझ्या हातात दिलं. ते तुमच्यापुढे ठेवलं, तेव्हा तुम्ही ट्रंकेतून लाल कापडी बांधणीची वही काढलीत. तुमच्या थोरल्या लेकीचं शाळकरी अक्षर होतं. वर नाव नव्हतं, ‘ढेबेवाडी’ असं गावच लिहिलं होतं. खाली ‘रातपाळी, भात जास्त’, आणि खाड्यांच्या बारीक फुल्या. संपाच्या पाच महिन्यांत एकही खाडा नव्हता.

पैसे तुम्ही घेतलेत. काकी, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते. “राहू दे रे” म्हणाला असतात, तर आप्पांना गावी बसून आयुष्यभर टोचलं असतं. तुम्ही १९८२ च्याच दराने हिशेब केलात, उरलेले पैसे मोजून परत दिलेत आणि पानावर आडवी रेघ मारून ‘मिळाले’ असं लिहायला लावलंत. तो निरोप गेल्यावर आप्पांनी देवळात नारळ फोडला.

आणि मग कोरं पान उघडून तुम्ही म्हणालात, “लिही गं, धाकटी ढेबेवाडी. उद्यापासून दोन वेळ.” मला विचारलंही नाहीत. तोवर मी चार दिवसांचा पाहुणा होतो, गाळ्यात दिवस मोजत होतो. त्या संध्याकाळी जेवून उतरलो, तर जिन्यात कुणीतरी रस्ता विचारला आणि मी तो सांगितला.

पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज निघाले. आप्पा त्या वेळी कामावर होते याचा पुरावा हवा होता. त्यांचं गिरणीतलं ओळखीचं तिकीट आणि बाकीचे कागद गावच्या घरात वाळवीने खाल्ले होते, आणि खाणावळीची वही कुठल्याच पुराव्यात बसत नव्हती. तेव्हा फार हळहळलो. आता तेवढं वाटत नाही. माझा बाप या शहरात रात्रपाळी करत होता आणि त्याला भात जास्त लागायचा, हे मुंबईत कुठे लिहिलेलं असेल तर ते तुमच्याकडे आहे.

येत्या रविवारी लेकीला घेऊन येतोय. तिला आजोबांचं पान बघायचंय. वही तेवढी वर काढून ठेवायला सांगा. जेवायलाच येतो.

तुमचा,
धाकटी ढेबेवाडी