चावडीजवळच्या विहिरीचं पाणी पिऊ नका

सर्वांना नमस्कार. चावडीजवळच्या विहिरीत नायट्रेट (उकिरडा, मैला, खतं यांतून पाण्यात उतरणारा क्षार) जास्त निघालंय, म्हणून तिचा पंप आजपासून बंद केला आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पाणी उकळून भागणार नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच उरतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. तुरटी-क्लोरीनचाही उपयोग नाही. तान्ह्या बाळाची दूधपावडर या पाण्यात कालवू नका, हात जोडून विनंती. बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओठ-नखं निळसर दिसली तर थेट दवाखाना गाठा. भांडी-कपड्यांना हरकत नाही.

आता मूळ शोधायचंय. विहिरीच्या आसपास कुणाचा उकिरडा, शोषखड्डा किंवा संडासाची गळकी टाकी असेल तर इथेच सांगा. कुणालाही दोष देणार नाही. शेजारच्या बोअरचे नमुनेही तपासायला पाठवतोय.