व्हॅम्पायर म्हणजे डाकीण नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जपानी ॲनिमेशनमधल्या व्हॅम्पायरकथांच्या लोकप्रियतेवर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला. विषय घेतलात हे बरे झाले. पण मथळ्यात त्यांना 'जपानी डाकिणी' म्हटले आहे, आणि हा शब्द निदान खान्देशातल्या पानावर तरी यायला नको होता. का, ते शेवटी सांगतो; आधी या कथांबद्दल.

आपला मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, झोटिंग पडक्या वाड्यात. यांना देह नाही, कारण देह कधीच चितेवर गेलेला. वेताळालासुद्धा परके प्रेत लागते, आणि ते स्मशानातल्या झाडाला न जळता लटकलेले असते म्हणून तर विक्रमाची गोष्ट पुढे सरकते. व्हॅम्पायरचा सगळा कारभारच देहाचा: शवपेटी, सुळे, रक्त. जपानमध्येही आज जवळजवळ सगळ्याच प्रेतांना अग्नी देतात. तेव्हा तिथल्या लेखकापुढचा पहिला प्रश्न असतो, उठून यायला देह आणायचा कुठून? यावर काढलेल्या युक्त्यांतच या कथांची खरी गंमत आहे.

सोपी युक्ती म्हणजे गोष्ट परदेशी न्यायची. 'हेलसिंग' इंग्लंडमध्ये घडते (नायक अलुकार्ड, म्हणजे उलटा वाचलेला ड्रॅक्युला), 'व्हॅनिटास' एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये. 2000 सालच्या 'ब्लड: द लास्ट व्हॅम्पायर'ने जपान सोडला नाही, पण 1966 मधला अमेरिकी हवाई तळ निवडला.

फुयुमी ओनो यांच्या 1998 च्या कादंबरीवरून 2010 मध्ये आलेल्या 'शिकी'ने मात्र अवघड वाट धरली. डोंगरातले एकाकी खेडे, नाव सोतोबा. सोतोबा म्हणजे थडग्यावर उभी करायची लाकडी फळी, आणि हा शब्द आपल्या 'स्तूप'वरून गेलेला. आजूबाजूला फरची झाडे, त्यांच्या लाकडाच्या याच फळ्या आणि शवपेट्या बनवणे हा गावाचा जुना धंदा, आणि गावात अजून दफनाचीच चाल. एवढी एक चाल शिल्लक ठेवली आणि बाकी सगळे आपोआप जुळले. उन्हाळ्यात माणसे पटापट मरू लागतात, डॉक्टर रक्तक्षय पाहतो आणि साथ समजून नोंदी करत बसतो. सुरुवातीचे भाग यामुळे संथ आहेत, आणि बरेच जण तिथेच कंटाळून सोडतात. सोडू नये. टीव्हीवर 22 भाग झाले. 20.5 आणि 21.5 हे दोन भाग फक्त डीव्हीडीसारख्या डिस्कवर आले, ते क्रमातच पाहावेत.

यातला व्हॅम्पायर घरच्यांनी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडू शकत नाही. आपल्याकडे या अटीचा काही उपयोग झाला नसता. 'या भो, बठा' आधी, कोण-कुठले ते चहा झाल्यावर.

'डीमन स्लेयर' या मालिकेने दफनाची भानगडच ठेवली नाही. त्यातल्या मुझान या पहिल्या ओनीचे, म्हणजे जपानी राक्षसाचे, रक्त जिवंत माणसाच्या अंगात गेले की तोही ओनी होतो. हे व्हॅम्पायर नव्हेत असे चाहते हिरिरीने सांगतात, पण व्हॅम्पायरचा जपानी शब्द 'क्युकेत्सुकी'. त्यातल्या तीन अक्षरांचा अर्थ शोषण, रक्त आणि ओनी. यातला शेवटचा 'की' आणि 'डीमन स्लेयर'च्या मूळ नावातल्या 'किमेत्सु'चा 'कि' हे एकच अक्षर. मरणही तेच, ऊन. नाहीतर ऊन साठवणाऱ्या खनिजाची तलवार मानेवर. गंमत अशी की 1897 च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा फिरतो. उन्हाने मरण्याची कल्पना 1922 च्या जर्मन मूकपटातली. जपान्यांनी ती सोडली नाही, कारण पहाट म्हणजे कथेला आयते घड्याळ मिळते.

एक व्यवहाराची गोष्ट. ही चित्रे सेकंदाला 24 फ्रेमने चालतात, पण नवे चित्र बहुधा दोन किंवा तीन फ्रेमनंतर येते, म्हणजे सेकंदाला 12 किंवा 8 चित्रे. नव्या टीव्हीतले हालचाल गुळगुळीत करणारे सेटिंग मधल्या खोट्या फ्रेम भरते आणि तलवारीच्या कडा फरफटतात. ते बंद करावे. अंधारातले प्रसंग दिसत नसतील तर टीव्हीचे चित्र 'सिनेमा' मोडवर टाकून खोलीतला दिवा मालवावा.

आता डाकिणीबद्दल. ती मेलेली नसते, देहहीनही नसते. सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण म्हणून बोट दाखवले जाते ते जित्याजागत्या बाईकडे, आणि मग तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तोच शब्द मनोरंजनाच्या मथळ्यात मिरवू नये. 'व्हॅम्पायर' सगळ्यांना कळतो. मराठीच हवा तर 'रक्तपिपासू' चालेल. आणि लेखाचा पुढचा भाग कृपया बालविभागाशेजारी छापू नका. 'हेलसिंग' आणि 'शिकी' मुलांसाठी नाहीत.

आपले,
जपानी ॲनिमेशनचे काही प्रेक्षक, भुसावळ